ओल्या मालासाठी डिकीचे अस्तर

कुरखेडा तालुक्यात घरच्या चारचाकीत माणसांइतकाच माल हिंडतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, जूनमध्ये बियाणे आणि खत, रोवणीच्या दिवसांत चिखलाने माखलेले गमबूट आणि ओले रेनकोट, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासळी आणि दिवाळीच्या मागेपुढे धानाची पोती. गाडी मात्र कंपनीतून येते ती डिकीत मऊ कार्पेट घालून. हे कार्पेट पाणी शोषते आणि सोडत नाही. त्याखाली फेल्ट असते, काही गाड्यांत दाबलेल्या भुशाची फळी असते. एकदा भिजलेली फळी फुगते आणि पुन्हा सपाट होत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेतच इतकी ओल असते की दार उघडे ठेवूनही कार्पेट वाळत नाही. आठवड्याभरात कुबट वास येतो, मग बुरशी, आणि पुढच्या एकदोन पावसाळ्यांत खालचा पत्रा गंजायला लागतो.

म्हणून पाणी न झिरपणारे अस्तर हवे, हे बहुतेकांना पटलेले असते. चूक निवडीत होते. दुकानात आपण जाडी चिमटीत धरून बघतो, नक्षी बघतो, गाडीचे नाव छापले आहे का ते बघतो. माझे मत असे की जाडी ही सर्वांत शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी कड किती उंच आहे ते बघावे, आणि मग आतले पाणी न सांडता ते अख्खे उचलून बाहेर काढता येते का ते.

गाडी कोणती

युरोपात या कामासाठी एस्टेट नावाचा गाडीप्रकार रुळला: साध्या कारचे छप्पर मागेपर्यंत ओढलेले, आणि खाली लांब सपाट डिकी. आपल्याकडे टाटांनी १९९२ मध्ये याच नावाची गाडी आणली आणि २००४ मध्ये इंडिगो मरीना काढली, पण हा प्रकार इथे टिकला नाही. त्याची जागा बोलेरो, इनोव्हा, अर्टिगा अशा गाड्यांनी घेतली. अस्तराच्या दृष्टीने या सगळ्यांची जात एकच. सेडानची डिकी स्वतंत्र पेटी असते, या गाड्यांत माल आणि माणसे एकाच छपराखाली, एकाच हवेत बसतात. मागे सांडलेल्या मासळीच्या पाण्याचा वास पुढे बसलेल्या आजीपर्यंत जातो आणि स्वस्त अस्तराचा स्वतःचा वासही जातो.

अर्टिगासारख्या गाडीत तिसरी रांग दुमडली की चांगली लांब सपाटी मिळते. पण सीटची पाठ आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये बिजागरीची फट राहते, आणि पाणी नेमके त्याच फटीतून खाली जाते. फक्त मागच्या छोट्या जागेपुरते बेतलेले अस्तर अशा वेळी निरुपयोगी. रांग बहुतेक वेळ दुमडलेलीच ठेवत असाल तर अस्तर मधल्या रांगेच्या पाठीपर्यंत अखंड हवे. २०१२ ची पहिली अर्टिगा आणि २०१८ च्या अखेरीस आलेली दुसरी यांच्या डिक्या वेगळ्या आहेत, एकीचे साचेबंद अस्तर दुसरीत बसत नाही. दुकानदाराला गाडीचे नुसते नाव सांगू नका, वर्षही सांगा.

बोलेरोची गोष्ट निराळी. मागे समोरासमोर दोन आडव्या सीट असलेल्या गाडीत मधे अरुंद पन्हळीसारखी जागा उरते, आणि मागचे दार बाजूला उघडते. तिथे तयार ट्रे क्वचितच नीट बसतो. अशा गाडीसाठी अस्तर शिवूनच घ्यावे असे मी म्हणेन. ते कसे, हे पुढे सांगितले आहे.

पाणी थांबत नाही, धावते

समजा डिकीतले अस्तर १०० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि कड ३ सेंटिमीटर उंच आहे. बाजारातल्या पुष्कळ ट्रेंची कड एवढीच असते. गाडी सपाट जागी उभी असेल तर त्यात २७ लिटर पाणी मावते, म्हणजे दोन बादल्यांच्या आसपास. हिशेब ऐकून वाटते की भरपूर झाले.

आता हीच गाडी कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट चढते आहे असे धरा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते असा चढ लागला, तर सगळे पाणी मागच्या दाराशी जमा होते. त्याचा आकार पाचरीसारखा होतो: दाराशी ३ सेंटिमीटर खोल आणि तिथून ३० सेंटिमीटर पुढे शून्य. एवढ्या पाचरीत मावणारे पाणी फक्त चार लिटर. उरलेले कड ओलांडून दाराच्या रबरावर आणि तिथून कार्पेटखाली.

ब्रेक दाबल्यावर तर याहून वाईट. रस्त्यात आडवी आलेली म्हैस बघून जरा जोरात ब्रेक लावला की पाण्याला तो दहात तीनच्या उतारासारखा वाटतो. तेव्हा त्या ट्रेमध्ये सीटच्या बाजूला जेमतेम सव्वा लिटरच्या थोडे वर पाणी तग धरते. बाकीचे सीटच्या फटीत उतरते.

कड ३ ऐवजी १० सेंटिमीटर केली तर? त्याच चढावर चार लिटरच्या जागी ४५ लिटर, आणि त्याच ब्रेकला १५ लिटर. उंची तिपटीहून थोडी जास्त वाढली आणि धारणशक्ती अकरा पट झाली, कारण पाचर उंचही होते आणि लांबही. कड दुप्पट केली की तिरप्या गाडीत चौपट पाणी राहते, हे ध्यानात ठेवले की दुकानात वेगळ्या नजरेने बघाल. दीड मिलिमीटर जाडीचे पण हातभर कडेचे अस्तर, पाच मिलिमीटर जाडीच्या सपाट चटईपेक्षा किती तरी अधिक कामाचे.

दुसरा उपाय पाण्याला धावू न देण्याचा, आणि तो घरातच असतो. ट्रेच्या तळाशी तागाचे जुने बारदान दुहेरी पसरा. ताग पाणी पितो, धरून ठेवतो, आणि वर ठेवलेले पोते घसरतही नाही. घरी आल्यावर बारदान पिळून कुंपणावर टाकले की झाले. प्लास्टिकच्या विणीची पोती यासाठी चालत नाहीत, ती पाणी शोषतच नाहीत.

रबर, फोम, ताडपत्री

बाजारात मिळणारा माल नावाने शंभर प्रकारचा असला तरी जाती चार-पाचच आहेत.

रबराची चटई जड असते, जागची हलत नाही, मार खाते. जुन्या टायरच्या चुऱ्यापासून केलेली चटई मात्र उन्हात तापली की वास सोडते. डिकी आणि माणसे एकाच हवेत असलेल्या गाडीत हा मोठा दोष आहे. घ्यायच्या आधी दुपारच्या उन्हात तासभर ठेवा आणि मग नाक जवळ नेऊन बघा. दुकानदाराला आवडणार नाही, पण तुम्हाला कळेल.

पीव्हीसी, म्हणजे ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो त्याच कुळातला पदार्थ, स्वस्त आणि खरोखर पाणीबंद असतो. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळलेला असतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत हा द्रव हळूहळू उडून जातो. पुढच्या काचेला आतून जो धुरकट थर बसतो, त्यात याचाही वाटा असतो. द्रव गेला की पीव्हीसी कडक होते आणि घडीवर तडकते. जाड, कापडाच्या पाठीचे पीव्हीसी बरे. नुसती पातळ शीट नको.

ईव्हीए हा चपलेच्या तळव्यासारखा हलका फोम. त्याचे कप्पे बंद असल्याने पाणी आत शिरत नाही, वासही कमी. साचेबंद ट्रे बहुधा याचेच किंवा टीपीई नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकचे असतात. ईव्हीएला दोन शत्रू: टोकदार वस्तू आणि ऊन. पावड्याचा कोपरा किंवा विळ्याचे टोक त्यात सहज घुसते, आणि काचा बंद करून एप्रिलच्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो आकसतो. आकसला की कडा भिंतीपासून सुटतात आणि फट पडते. टीपीई उष्णतेला जास्त दाद देत नाही, वासही नसतो. घरची माणसे आणि किराणा यांच्यासाठी मला तयार मालात तेच सर्वांत चांगले वाटते.

राहिली ताडपत्री. शेतात धान वाळवायला वापरतो ती हलकी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण आणि दोन्हीकडून पातळ फिल्म. ती घडीवर सोलते, आणि सोलली की वीण पाणी सोडते. डिकीत ती एक हंगाम कशीबशी काढते. ट्रकवर टाकतात ते जाड, पीव्हीसीचा लेप असलेले पॉलिएस्टर कापड ही वेगळी गोष्ट. ते फाटत नाही, धुता येते, आणि त्याला हवा तो आकार देता येतो.

शिवून घ्यायचे असेल तर

सीटकव्हर आणि ट्रकची ताडपत्री करणारा कारागीर तालुक्याच्या गावी नाही तर वडसा-ब्रह्मपुरीकडे सापडतोच. त्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची: तळाला आणि कोपऱ्याला शिलाई नको. सुईने पाडलेले प्रत्येक भोक हे गळती आहे. दोरा कितीही घट्ट असला तरी तो वातीसारखा पाणी ओढतो. सांधा करावाच लागला तर तो गरम हवेने चिकटवलेला हवा.

पण चांगल्या अस्तराला सांध्याची गरजच नसते. तळ १०० बाय ९० सेंटिमीटर आणि कड १५ सेंटिमीटर हवी असेल, तर १३० बाय १२० सेंटिमीटरचा अखंड तुकडा घ्या. चारही बाजूंनी १५ सेंटिमीटर आत खडूने रेघा मारा आणि त्या रेघांवर कापड उभे दुमडा. चारही कोपऱ्यांत पंधरा-पंधराचा एक चौकोन जास्तीचा उरतो. इथे कात्री लावण्याचा मोह होतो, कारागीर तर सवयीने लावतो. लावू देऊ नका. तो चौकोन कर्णावर दुमडला की त्याचा त्रिकोणी कान होतो. हा कान बाहेरच्या अंगाने कडेला चपटा टेकवायचा आणि अगदी वरच्या टोकाला, काठापासून दोन सेंटिमीटरच्या आत, पितळी रिंग ठोकून पक्का करायचा. भोक पडते ते पाण्याच्या पातळीच्या खूप वर. खाली एकही छिद्र नाही, एकही सांधा नाही. पळसाच्या पानाचा द्रोण काडी टोचून करतात, तीच ही युक्ती.

कडा आपोआप उभ्या राहत नाहीत. वरच्या काठाला नेफा शिवून त्यात वायरिंगच्या कामाची अर्ध्या इंची प्लास्टिकची नळी सरकवा. काठावरची शिलाई चालते, कारण तिथवर पाणी यायचेच नाही. नेफ्यासाठी कापड मोजताना चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जास्त धरा. दाराकडच्या बाजूची नळी आणि तिकडच्या दोन कानांची बांधणी मात्र काढता-घालता येणारी ठेवा, म्हणजे माल चढवताना ती कड खाली पाडून बंपरवर पसरता येते. पोते ओढताना बंपरचा रंगही वाचतो. डिकीच्या बाजूच्या कार्पेटला अस्तर धरून ठेवायला वेल्क्रोची खरखरीत पट्टी पुरते. ती थेट कार्पेटला चिकटते, गाडीला भोक पाडायची गरज नाही.

पोती बांधायला डिकीत जे हूक असतात ते बहुधा तळाशी असतात आणि अस्तराखाली झाकले जातात. त्यांच्यासाठी अस्तराला चीर देऊ नका. हुकाला आधी सोल बांधा, ती अस्तराच्या बाहेरून वर घ्या आणि मग पोत्यावर आवळा. चाळीस किलोचे पोते ओल्या गुळगुळीत पीव्हीसीवर ब्रेक दाबताच पुढे सरकते, आणि मधल्या रांगेत मुले बसलेली असतात.

काय वाहता, त्यावर ठरते

मोहफूल ताजे असताना त्याचा बहुतेक भार पाण्याचाच असतो, आणि ते पाणी साखरेचे. दाबली गेलेली फुले चिकट रस सोडतात. तो अस्तराच्या खाचांत बसतो, आंबतो आणि मुंग्या बोलावतो. म्हणून मोहफुलांसाठी खोल नक्षीचे ट्रे टाळा, गुळगुळीत तळ बरा. डाग कोमट पाण्याने निघतात, साखरच असते ती. आता अनेक जण झाडाखाली जाळी बांधून स्वच्छ फुले गोळा करतात, लाडू आणि खाण्याच्या इतर पदार्थांसाठी. असा माल पीव्हीसीला थेट लागू देऊ नये. मधे धुतलेले सुती कापड घालावे.

मासळीचे पाणी सांडले तर पहिला हात थंड पाण्याचा. गरम पाण्याने त्यातली प्रथिने आळतात आणि पृष्ठभागाला धरून बसतात. मासळीचा वास अल्कधर्मी द्रव्याचा असतो, त्यामुळे लिंबू किंवा चिंचेचे पाणी लावले की तो मरतो. स्वयंपाकघरात मासळीला चिंच-लिंबू लावण्यामागचे रसायन तेच. साबण त्यानंतर. उलट क्रम केला तर दोनदा धुवावे लागते.

खताबद्दल लोक बेफिकीर असतात, आणि गाडीचे सर्वांत जास्त नुकसान खतच करते. युरिया हवेतली ओल ओढून घेतो, फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे पावसाळ्यात आपोआप पातळ होतात. पोटॅश म्हणून मिळते ते पोटॅशियम क्लोराईड, आणि ते मिठासारखेच लोखंड खाते. सुक्या मासळीतून गळणाऱ्या मिठाचेही तसेच. खत नेल्यावर अस्तर झाडून भागत नाही, बाहेर काढून धुवावे आणि खालचा तळही ओल्या फडक्याने पुसावा. कीटकनाशकाची बाटली आणि धान, तांदूळ, भाजी एका अस्तरात एकाच फेरीत नेऊ नयेत. फवारणीचे सामान झाकणाच्या वेगळ्या टपात ठेवावे.

पंपासाठी डिझेल नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की डिझेलने साधे रबर आणि ईव्हीए फुगतात, पीव्हीसी कडक होते. कॅनखाली स्वतंत्र पत्र्याचा ट्रे हवा. पेट्रोल मात्र अशा गाडीत नेऊच नये. अस्तर कितीही चांगले असले तरी वाफ अडत नाही, आणि ती वाफ माणसांबरोबर एकाच बंद जागेत फिरते.

शेळी नेत असाल तर वर गवत, खाली बारदान, त्याखाली उंच कडेचे अस्तर. मूत्र पत्र्याला खताइतकेच वाईट. त्याच दिवशी धुवा.

अस्तराखालचे पाणी

अस्तर घातल्यावर एक धोका वाढतो: खाली काय चालले आहे ते दिसत नाही. डिकीतले सगळे पाणी मालातून आलेले नसते. मागच्या दाराचे रबर सुकून चपटे झाले, मागच्या दिव्याची गॅस्केट सुटली, छपराच्या पन्हळीतला सांधा उघडला, की पावसाचे पाणी थेट अस्तराखाली उतरते. वर सगळे कोरडे आणि खाली डबके. काही गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली आतल्या खड्ड्यात असते, आणि पाणी तिथेच साठते. टायर काढायची वेळ येईपर्यंत कोणी बघत नाही.

तपासायला सोपे आहे. अस्तर आणि कार्पेट दोन्ही काढा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचे आणि दार लावून घ्यायचे. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचे: आधी खालून, दिव्यांपासून, मग दाराच्या कडेने आणि शेवटी छपरावर. खालून वर गेले तरच कळते की पाणी कोणत्या उंचीवरून शिरते. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काही समजत नाही. दाराच्या रबरासाठी आणखी एक युक्ती आहे. कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज सुटून आली तर तिथे रबर दाबले जात नाही.

बऱ्याच गाड्यांच्या तळाला कारखान्यात बसवलेली रबरी बुचे असतात. साठलेले पाणी काढायला ती उघडता येतात, पण नंतर परत घट्ट बसवा. बूच हरवलेल्या भोकातून पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल आत येतो.

जून ते सप्टेंबर अस्तर आठवड्यातून एकदा बाहेर काढून खालचा तळ हाताने चाचपावा. हाताला गारवा लागला तर कार्पेट काढून कोरडे होऊ द्या. पाणी न शिरता नुसत्या दमट हवेनेही अस्तराखाली घाम धरतो. त्यासाठी अस्तर आणि तळ यांच्यामध्ये प्लास्टिकची जाळीदार पायपुसणी अंथरली तर खालून हवा खेळते.

धुतलेले अस्तर सावलीत, दोरीवर आडवे टाकून वाळवावे. पीव्हीसी आणि ईव्हीए दोन्हींना मे महिन्याचे दिवसभराचे ऊन सोसत नाही. वापर नसेल तेव्हा ट्रकच्या कापडाचे अस्तर घडी न घालता नळीभोवती गुंडाळून उभे ठेवा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये त्याच्या कोपऱ्यांत तडे सापडणार नाहीत.